सहा वर्षांत वकील: लेकीला प्रवेश मिळेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईनं लिहिलं आहे. मुलगी अकरावीत आहे, जन्म इथलाच. जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, ३.८९, एसएटी या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत १४७०, शाळेच्या मॉक ट्रायल (लुटुपुटीचे खटले) संघात दोन वर्षं. शाळेसोबत काउंटी कॉलेजात दोन विषय करते आहे. आईवडील दोघंही आयटीत, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. मुलगी आठवीत असताना वडिलांची नोकरी गेली आणि इथे राहता यावं म्हणून साठ दिवसांत दुसरी शोधायची वेळ आली. नोकरी मिळाली, पण ते दोन महिने घरात वकिलांचे फोन आणि कागदपत्रं याखेरीज दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून मुलीला इमिग्रेशन वकील व्हायचं आहे.

आता आईला 'तीन अधिक तीन' हवं आहे, म्हणजे कॉलेजची तीन आणि लॉ स्कूलची तीन वर्षं. एरवी सात वर्षांना होणारं शिक्षण सहात. पैसे देऊन नेमलेल्या सल्लागारांनी 'सत्तर टक्के शक्यता' सांगितली आहे. मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलाची सात वर्षांच्या मेडिकलची जागा बारावीतच पक्की झाली. पुण्याची नणंद म्हणते, इकडे पाठवा, बारावीनंतर पाच वर्षांत वकील होईल. आई विचारतात: सत्तर टक्के खरे आहेत का? ते वाढवायला काय करू? पत्राच्या शेवटी त्या लिहितात: 'एक वर्ष वाचलं तर साठ-सत्तर हजार डॉलर वाचतील आणि आमच्या परिस्थितीत ते मोलाचे आहेत. पण परवा ती म्हणाली की मला इतिहास शिकवायलाही आवडेल. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.'

उत्तर:

आधी त्या सत्तर टक्क्यांकडे पाहू. सत्तर टक्के शक्यता नेमकी कशाची, हे तुम्ही सल्लागारांना विचारलंत का? बारावीत कॉलेजचं पत्र येऊन त्यात 'तीन अधिक तीन'साठी निवड झाली असं लिहिलेलं असण्याची? तीन वर्षांनी लॉ स्कूलच्या वर्गात प्रत्यक्ष बसण्याची? की सहाव्या वर्षी जेडीची, म्हणजे लॉ स्कूलची, पदवी हातात पडण्याची? पहिल्या गोष्टीची शक्यता तुमच्या मुलीच्या बाबतीत चांगली आहे, हे मीही म्हणेन. दुसरी बरीचशी तिच्या विसाव्या वर्षीच्या अभ्यासावर आणि त्याहून जास्त तिच्या विसाव्या वर्षीच्या इच्छेवर अवलंबून आहे. या दुसरीचा टक्का आज कोणी सांगत असेल तर तो अंदाजपंचे आहे.

हे अभ्यासक्रम चालतात कसे, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक गैरसमज तिथेच होतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे लॉ स्कूलमध्ये प्रवेश घ्यायला एकतर पदवी हवी, नाहीतर पदवीचं तीन चतुर्थांश शिक्षण पुरं झालेलं हवं. १२० क्रेडिटांची पदवी असेल तर ९०. 'तीन अधिक तीन' याच सवलतीवर चालतं. मुलगी तीन वर्षांत मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, आणि इतर सक्तीचे सगळे विषय संपवते, चौथं वर्ष लॉ स्कूलचं पहिलं वर्ष म्हणून करते आणि त्या वर्षाचे क्रेडिट दोन्ही पदव्यांत धरले जातात. तुमच्या आसपासच रटगर्स, सीटन हॉल, फोर्डम, टेंपल, जरा लांब सिरॅक्यूज, अशा बऱ्याच ठिकाणी ही सोय आहे.

पण दार सगळीकडे सारखं नाही. काही कॉलेजं बारावीतच निवड करतात. काही ठिकाणी आधी नेहमीसारखा कॉलेजात प्रवेश घ्यायचा असतो आणि तिथे शिकत असताना लॉ स्कूलकडे अर्ज करायचा असतो. फोर्डमचं असं आहे. बारावीत निवड होते तिथेही ती अटींवर असते: अमुक जीपीए टिकवा, एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत अमुक गुण मिळवा, शिस्तीचा बट्टा लागू देऊ नका. त्या पत्रानं रांगेत उभं राहायला जागा मिळते. लॉ स्कूलचा अंतिम निर्णय पुढे तीन वर्षांनीच होतो.

मंडळातल्या मुलाशी होणारी तुलना इथेच फसते. आपल्या लोकांत सात वर्षांच्या मेडिकलचं एवढं कौतुक आहे, ते उगाच नाही. इथे मेडिकलला अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांना त्या वर्षी कुठे तरी जागा मिळते. अठराव्या वर्षी मिळालेली राखीव जागा म्हणजे खरोखर मोठी चिंता मिटली. कायद्याचं चित्र अगदी वेगळं आहे. देशात मान्यताप्राप्त लॉ स्कूल दोनशेच्या घरात आहेत आणि अर्ज करणाऱ्या बहुतेकांना कुठून ना कुठून होकार येतो. तुमच्या मुलीसारखी विद्यार्थिनी लॉ स्कूलच्या दाराबाहेर राहील ही भीती मनातून काढून टाका. तिला प्रवेश मिळणार आहे. कायद्यात अडतं ते दोन ठिकाणी, कुठल्या लॉ स्कूलमध्ये आणि किती पैशांत. 'तीन अधिक तीन' ज्या जागेची हमी देऊ पाहतं तिची टंचाईच नाही. त्या हमीच्या बदल्यात तुमची मुलगी जे सोडते ते मात्र किमती आहे.

काय सोडते? दहा लॉ स्कूलकडे अर्ज करून त्यांच्या स्कॉलरशिपची पत्रं शेजारी शेजारी ठेवायची संधी. इथे लॉ स्कूलची छापील फी फार थोडे जण पूर्ण भरतात. एलसॅटचे गुण त्या स्कूलच्या मधल्या आकड्याच्या वर असले की स्कॉलरशिप येते, आणि दुसऱ्या स्कूलचं पत्र दाखवून ती वाढवून मागता येते. याला कोणी उर्मटपणा समजत नाही, प्रवेश कार्यालयांना याची सवय असते. एकाच लॉ स्कूलशी आधीच बांधल्या गेलेल्या विद्यार्थ्याच्या हातात दाखवायला दुसरं पत्र नसतं. काही ठिकाणी 'तीन अधिक तीन'च्या मुलांचा स्कॉलरशिपसाठी इतरांसारखाच विचार होतो, काही ठिकाणी नाही. हे लेखी विचारून घ्यायलाच हवं.

आता तुमचे साठ-सत्तर हजार. हा हिशेब पुन्हा मांडू या, कारण तुमच्या पत्राचा खरा जीव मला त्यात दिसला. वडिलांची नोकरी गेली तेव्हाची धास्ती अजून घरातून गेलेली नाही, आणि ते स्वाभाविक आहे. वाचणारं वर्ष हे कॉलेजचं चौथं वर्ष असतं. त्या वर्षी फी भरावी लागतेच, ती लॉ स्कूलची. म्हणजे वाचते ती कॉलेजच्या एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च. महागड्या खासगी कॉलेजात छापील दरानं हे साठ-सत्तर हजार होतीलही. पण राज्याच्या कॉलेजात, इन-स्टेट फी भरून, त्यातही घरून जाऊन-येऊन शिकली तर वाचणारी रक्कम त्याच्या निम्म्यापेक्षाही बरीच कमी आहे. खासगी कॉलेजनं चार वर्षांची स्कॉलरशिप दिली असेल तर वाचतं ते स्कॉलरशिप वजा जाता उरलेलं. शिवाय ती स्कॉलरशिप चौथ्या वर्षी सहसा लॉ स्कूलच्या फीला लावता येत नाही. दुसऱ्या बाजूला, स्पर्धेत उतरून समजा तिला लॉ स्कूलकडून वर्षाला वीस हजारांची सूट मिळाली, तर तीन वर्षांचे साठ हजार झाले. घाईत वाचवलेलं सगळं तिथे भरून निघतं. एक वर्ष आधी कमाई सुरू होईल हा फायदा खरा आहे, तो हिशेबात जरूर धरा. पण तो धरूनही पारडं झुकतंच असं नाही.

त्यात २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्यानं कर्जाचे नियम बदलले आहेत, ते तुमच्या मुलीला पूर्णपणे लागू होतील. ग्रॅड प्लस नावाचं कर्ज, ज्यातून लॉ स्कूलचा उरलेला सगळा खर्च उचलता यायचा, ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद आहे. आता जेडीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. वरचे पैसे खासगी कर्जातून काढावे लागतील. खासगी कर्जाला सहसा हमीदार लागतो, आणि पुष्कळ बँका तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा असं मागतात. कॉलेजसाठी पालकांच्या नावे मिळणारं पॅरंट प्लस कर्जही एच-१बीवर असलेल्या पालकांना मिळत नाही. मुलगी नागरिक आहे, म्हणून तिला स्वतःला फाफ्सा भरून सरकारी मदत मागता येते. तुमच्या व्हिसामुळे तिचा हा हक्क जात नाही. हा अर्ज १ ऑक्टोबरला उघडतो. 'आपण एच-१बीवर, आपल्याला कुठलं मिळतंय' असं समजून बरीच मराठी घरं तो भरतच नाहीत. तुम्ही भरा.

हे सगळं मी एवढं ताणून सांगते आहे ते तुमच्या मुलीला जे काम करायचं आहे त्यामुळे. अमेरिकेत नव्या वकिलांचे पगार दोन ढिगांत विभागलेले असतात. मोठ्या फर्म पहिल्या वर्षी २,२५,००० डॉलर देतात. स्वयंसेवी संस्था, सरकारी वकील, छोट्या फर्म यांचे पगार त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतात. मधे फार कोणी नसतं. माणसांच्या बाजूनं उभी राहणारी इमिग्रेशन वकील बहुतेक वेळा दुसऱ्या ढिगात असते. दोन लाखांचं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी आपल्या मनातलं काम करत नाही, हप्ता देईल ते काम करते. संस्थांत काम करणाऱ्यांना दहा वर्षांच्या हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ करणारी सरकारी योजना आहे, पण तिचे नियम बदलत राहतात आणि अठराव्या वर्षी तिच्या भरवशावर कर्ज काढू नये. म्हणून तुमच्या घरासाठी मी सगळ्यात लवकर मिळणाऱ्या पदवीपेक्षा सगळ्यात कमी कर्जात मिळणारी पदवी शोधेन. कधी कधी दोन्ही एकच निघतात. पण ते तपासून पाहावं लागतं, गृहीत धरता येत नाही.

इमिग्रेशनच्या बाबतीत एक दिलासा आहे. तो कायदा केंद्राचा आहे. कुठल्याही एका राज्यात सनद मिळवलेला वकील देशभर इमिग्रेशनचे खटले चालवू शकतो. मोठ्या नावाच्या लॉ स्कूलचा शिक्का नसला तरी त्या कामात फारसं अडत नाही. महत्त्वाचं असतं ते स्कूलमध्ये इमिग्रेशनचं क्लिनिक आहे का, जिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या अशिलांचं काम करतात. रटगर्स आणि सीटन हॉल, दोन्हीकडे स्थलांतरितांसाठी काम करणारी क्लिनिकं आहेत. नावाजलेल्या यादीत पहिल्या वीसात नसल्यानं एखादं लॉ स्कूल तुमच्या मुलीसाठी कमी ठरत नाही.

आता त्या वाक्याकडे येते ज्यानं तुमच्या पोटात गोळा आला. 'मला इतिहास शिकवायलाही आवडेल.' मी हे वाक्य वाचलं आणि मला बरं वाटलं. सतरा वर्षांच्या मुलीला दोन गोष्टी आवडतात, आणि दुसरी ती आईजवळ बोलून दाखवते. तुमच्या आख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं वाक्य एवढं एकच आहे. बाकी सगळं 'आम्ही ठरवलं', 'आम्ही शोधलं' असं आहे. वकील होण्याची तिची इच्छा खोटी आहे असं मी म्हणत नाही. आठवीतल्या मुलीनं आईबाबांना घाबरलेलं पाहिलं, आणि त्या भीतीवर जे माणूस उपाय करू शकत होतं तसं व्हायचं ठरवलं. ही इच्छा फार खरी आणि फार प्रेमाची आहे. पण तिला अजून जवळून पाहायचं आहे की ते माणूस दिवसभर करतं काय. मॉक ट्रायलमध्ये बोलण्याची चमक दिसते. इमिग्रेशन वकिलाचा दिवस बहुतेक फॉर्म, पुरावे, भाषांतरं आणि मुदती यांत जातो. ज्याला ते आवडतं त्याला फार आवडतं, पण आवडतं की नाही हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि इतिहासानं वकिलीची वाट अडत नाही. इथे लॉ स्कूलसाठी अमुकच मेजर हवं अशी अट नाही. इतिहास घेतलेली मुलं लॉ स्कूलमध्ये भरपूर असतात, कारण लांब मजकूर वाचून त्यातून युक्तिवाद काढायची सवय त्यांना आधीच लागलेली असते. तिला म्हणा, इतिहास घे. तीन वर्षांनी ती लॉ स्कूलकडे वळली तर उत्तम, शिक्षिका व्हायचं ठरवलं तरी काही वाया गेलेलं नसेल. अडचण येते ती 'तीन अधिक तीन'साठी तीन वर्षांचं वेळापत्रक इतकं घट्ट बांधलं की त्यात शिक्षकी पेशासाठी लागणारे विषय किंवा एखादं परदेशातलं सत्र यांना जागाच उरली नाही, तेव्हा.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: कॉलेज निवडा, प्रोग्रॅम निवडू नका. यादीतल्या प्रत्येक कॉलेजबद्दल एकच विचारा. लॉ स्कूलचा विषयच निघाला नाही तर इथे चार वर्षं शिकायला तिला आवडेल का, आणि आपल्याला परवडेल का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल आणि तिथे 'तीन अधिक तीन' असेल, तर सोन्याहून पिवळं. बारावीत अर्जावरच 'तीन अधिक तीन'पुढे खूण करण्याचा पर्याय असेल तर बेशक करा. बहुधा त्यातून बाहेर पडायला दंड नसतो, तेवढं विचारून घ्या. पण निव्वळ प्रोग्रॅमसाठी न आवडणाऱ्या कॉलेजात, जास्त पैसे देऊन, त्यातही अर्ली डिसिजनचं बंधन घालून जाऊ नका. अर्ली डिसिजनमध्ये होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि कोण किती मदत देतं हे ताडून पाहायची संधीच राहत नाही. तुमच्या परिस्थितीत ती संधी सोडण्यासारखी नाही. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. उत्पन्नाचे आकडे भरून एका शनिवारी दोघं मिळून यादीतली सगळी कॉलेजं पाहून टाका.

एक वाट तुम्हाला सल्लागारांनी सांगितलेली दिसत नाही, आणि ती मला तुमच्या मुलीसाठी सगळ्यात जास्त पटते. काउंटी कॉलेजचे दोन विषय ती करतेच आहे, सोबत एपीचे, म्हणजे शाळेत शिकवले जाणारे कॉलेज पातळीचे, काही विषय असतीलच. असे पंचवीस-तीस क्रेडिट घेऊन ती कॉलेजात गेली आणि कॉलेजनं ते मानले, तर ती तीन वर्षांत पूर्ण पदवीच घेऊ शकते. मग देशातल्या कुठल्याही लॉ स्कूलकडे ती अर्ज करेल. वर्ष तेवढंच वाचेल, सहा वर्षंच लागतील, पण ती कोणाला बांधलेली नसेल. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी थांबावंसं वाटलं तर हातात अर्धवट काही नसेल, पदवी असेल. राज्याच्या कॉलेजांत असे क्रेडिट सहसा सहज धरले जातात, काही नामांकित खासगी कॉलेजं मात्र फार थोडे धरतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी प्रत्येक कॉलेजचा क्रेडिटचा तक्ता पाहायचा.

काउंटी कॉलेजच्या त्या दोन विषयांबद्दल एक गोष्ट लगेच लक्षात घ्या. लॉ स्कूलचे अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात ती एलसॅक पहिली पदवी मिळेपर्यंतच्या कॉलेज पातळीवरच्या सगळ्या गुणांचा मिळून स्वतःचा जीपीए काढते. शाळेत असताना काउंटी कॉलेजात मिळवलेले गुणही त्यात येतात. तिचा लॉ स्कूलचा जीपीए आत्ता, अकरावीतच सुरू झाला आहे. एपी परीक्षेचे क्रेडिट त्यात येत नाहीत, कारण त्यांना कॉलेजची श्रेणी नसते. तेव्हा काउंटी कॉलेजचा एखादा विषय जड जात असेल तर मुदतीच्या आत सोडून द्यावा, 'हे काय शाळेतलंच आहे' म्हणून सी घेऊन बसू नये. हे माहीत नसल्यामुळे पुढे हळहळणारी मुलं मला दर वर्षी लिहितात.

एलसॅटचंही असंच. काही एकत्रित अभ्यासक्रमांत चांगला एसएटी आणि जीपीए असेल तर एलसॅट माफ होते. ऐकायला छान वाटतं. पण प्रवेशपरीक्षाच दिली नाही तर बाकीच्या बहुतेक लॉ स्कूलची दारं आपोआप बंद होतात, आणि स्कॉलरशिपची बोलणीही. माफी मिळाली तरी तिनं ती द्यावी असं मला वाटतं. परीक्षा १२० ते १८० गुणांची असते. ऑगस्ट २०२४ पासून त्यातली कोडी गेली, आता तर्क आणि वाचन एवढंच उरलं. सरावानं वाढणारी परीक्षा आहे ही, आणि सराव म्हणजे आठवड्याची क्लासची चक्कर नव्हे, महिनोन्महिने रोज तास-दीड तास. 'तीन अधिक तीन'मध्ये हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत आटपायचं असतं, म्हणजे दुसऱ्या वर्षानंतरची उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठी ठेवावी लागते. अकरावीत एलसॅटचा क्लास लावू नका. आत्ता तिनं लांब, अवघड लेख आणि पुस्तकं वाचावीत. तीच तयारी.

शक्यता वाढवायला काय करू, हा तुमचा प्रश्न. त्याचं खरं उत्तर कॉलेजच्या पहिल्या तीन सत्रांत आहे. पहिल्याच वर्षी घसरलेला जीपीए 'तीन अधिक तीन'मध्ये सावरायला वेळ मिळत नाही, चार वर्षांच्या मुलाला मिळतो. तेव्हा पहिल्या सत्रात अभिमानापोटी पाच जड विषय घेऊ नयेत. दोन प्राध्यापक तरी तिला नावानं ओळखतील असं पाहावं, कारण शिफारसपत्रं त्यांचीच लागणार आणि वेळ कमी आहे. आणि एक जरा नाजूक गोष्ट. वकिलीची सनद देण्याआधी प्रत्येक राज्याची समिती चारित्र्याची चौकशी करते. लॉ स्कूलच्या अर्जातही शिस्तभंग, नक्कल, अटक याबद्दल विचारतात. कॉलेजात दुसऱ्याचं लेखन किंवा यंत्रानं लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणं या वाटेवर फार महागात पडतं. काही घडलंच तर लपवण्याइतकं घातक दुसरं काही नाही. कबूल केलेली चूक बहुतेक वेळा माफ होते, लपवलेली होत नाही.

घाई कमी करायला आणखी एक कारण आहे. नामांकित लॉ स्कूलना आजकाल थोडं जग पाहिलेली मुलं आवडतात. हार्वर्ड लॉ स्कूलची एक योजना तर उलट्या दिशेनं चालते: कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी अर्ज घेतात, जागा देतात, आणि वर अट घालतात की आधी दोन वर्षं बाहेर काम करून या. तुमच्या मुलीसाठी असं काम अगदी हाताशी आहे. इमिग्रेशनमध्ये वकील नसलेल्यांनाही, न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या स्वयंसेवी संस्थेमार्फत, अशिलांची बाजू मांडायची अधिकृत परवानगी मिळू शकते. कॉलेजात असताना किंवा त्यानंतर वर्षभर अशा संस्थेत काम केलं तर तिला कळेल की हे आयुष्यभर करायचं आहे का. कळलं की लॉ स्कूलसाठीचा निबंधही आपोआप लिहिला जाईल. तूर्तास, येत्या सुट्टीत तिला काउंटीच्या कोर्टात दोन-तीन सकाळी नुसतं बसू द्या. सुनावण्या सहसा सर्वांसाठी खुल्या असतात.

नणंदबाईंचं म्हणणं मनापासूनचं आहे. भारतात बारावीनंतर पाच वर्षांत वकील होता येतं आणि पुण्यात त्याची उत्तम सोय आहे. पण त्या पदवीवर अमेरिकेत वकिली करायची तर न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांत, वेगळ्या अटी पूर्ण करून, बहुधा इथे आणखी एक पदवी घेऊन परीक्षेला बसावं लागतं. भारतात वकिली करायची असेल तर जरूर विचार करावा. इथल्या इमिग्रेशन कोर्टात उभं राहायचं असेल तर तो लांबचा वळसा आहे.

ज्यांची मुलं भारतात जन्मली आणि एच-४वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत, अशा वाचकांसाठीही थोडं. त्यांचा हिशेब वेगळा आहे. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. सरकारी कर्ज आणि फाफ्सा त्यांना मिळत नाही. जेडीनंतर कामाची मुभा फक्त बारा महिन्यांची, अभियंत्यांसारखी वाढीव दोन वर्षं नाहीत. त्या मुलांनी एक वर्ष वाचवण्याच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं आणि स्वतःच्या निधीतून स्कॉलरशिप देणारं कॉलेज शोधावं. वकिलीची सनद मिळायला मात्र नागरिकत्व लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. कोणी 'परदेशी माणूस वकील होऊच शकत नाही' म्हणालं तर घाबरू नका.

तुम्ही पुढच्या महिन्याभरात दोन कामं करा. एक, यादीतल्या प्रत्येक 'तीन अधिक तीन'च्या लॉ स्कूल प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवा, सल्लागारामार्फत नको, मुलीच्या नावानं, तिनं स्वतः लिहिलेली. त्यात विचारा: गेल्या काही वर्षांत कॉलेजात या वाटेवर किती जणांनी सुरुवात केली आणि त्यातले किती प्रत्यक्ष लॉ स्कूलमध्ये पोचले? स्कॉलरशिप इतरांच्या बरोबरीनं मिळते का, आणि ती टिकवायला कुठल्या श्रेणीची अट आहे? चौथ्या वर्षी आर्थिक मदत कॉलेजची धरणार की लॉ स्कूलची? मधेच सोडलं तर काय होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आलं तर तुमच्या सत्तर टक्क्यांचं काय ते कळेल. गोलमोल आलं तरी काही कळेलच. सोबत प्रत्येक लॉ स्कूलला दर वर्षी जाहीर करावा लागणारा ५०९ अहवाल उघडून पाहा. त्यात एलसॅट आणि जीपीएचे आकडे, किती जणांना किती स्कॉलरशिप मिळाली आणि अटींमुळे किती जणांची काढून घेतली गेली, सगळं असतं.

दुसरं काम तिच्याशी बोलण्याचं. त्या साठ दिवसांबद्दल तुम्ही दोघं तिच्याशी नीट कधी बोललात का? बोलला नसाल तर आता बोला. तेव्हा काय झालं, तुम्ही किती घाबरला होतात, आता घरची स्थिती काय आहे, कॉलेजसाठी किती पैसे बाजूला आहेत, सगळं आकड्यांसह. आणि हेही सांगा की आपल्याला इथे टिकवणं ही तिची जबाबदारी नाही. मग तिला इतिहासाबद्दल विचारा. कुठला काळ आवडतो, कुठल्या शिक्षकांमुळे आवडायला लागला, शिकवायचं तर कुणाला शिकवायचं आहे. मधे लॉ स्कूलचं नाव काढू नका. ती काढेल तेव्हा काढेल.